फोड

जगात जर्मनी, भारतात परभणी,
परभणीत वसमत रोड,
वसमत रोडला आतल्या गल्लीत पत्र्याची खोली.
पत्ता सांगताना आर्वीचे पप्पा असंच सांगतात,
भूगोलाचे आहेत म्हणून.

सिलिंडरवर मी खडूनं तारीख लिहिते.
मागचं एकोणपन्नास दिवस गेलं,
त्यातले शेवटचे दोन आडवं करून,
आणि एक दिवस कोटलवार काकूंच्या कुकरात
आमच्या वरणाचा डबा ठेवून.

नोकरी तासिका तत्त्वावर.
तास झाला तर पैसे.
परीक्षा, जयंती, मोर्चा, कुणी वारलं तर सुट्टी.
कॅलेंडरातल्या लाल तारखा
मी दुसऱ्या घरांच्या म्हणून बघते.
आणि झालेल्या तासांचे पैसेही
कुठल्याशा टेबलावर सहीला थांबलेले,
जूनपासून.

गाडी आहे.
तिच्यावर आम्ही लुगडी वाळवतो.

बाजाराला जायचं ते दिवे लागल्यावर.
उजेडात माळव्याला भाव असतो,
अंधार पडला की वाटे होतात.
दहाला चुका, दहाला वाकडे दोडके,
आणि विकणारीला घरी जायची घाई.
त्या घाईवर माझा संसार चालतो
हे मला कळतं. तिलाही कळत असणार.
ती वरून चार मिरच्या टाकते,
मी नको म्हणत नाही.

महिना सरताना येसर.
सासूबाई गावाकडून डबा भरून देतात,
"अडीनडीला असू दे" म्हणतात.
गेल्या महिन्यात अडीनड नऊ दिवस चालली.

भांडलो एकदाच, चाळीस रुपयांवरून.
त्यांनी पोरांना चहा पाजला होता.
"सर म्हणतात मला, शिवकन्या,"
एवढंच बोलले आणि दाराकडे तोंड करून बसले.
मी वहीत लिहिलं: चहा, ४०.
लिहिताना अक्षर जरा नीट काढलं.

मार्चात पैसे आले. नऊ महिन्यांचे, एकदम.
दुपारी मोबाईल एकदाच वाजला.
किराणा, भाडं, पुढचं भाडं, काकूंचे तीनशे.
उरलं ते फार नव्हतं,
पण कुणाचं नव्हतं.

"टरबूज घेऊ," ते म्हणाले. "अख्खं."

आजवर आम्ही फोड घ्यायचो.
वीसची एक, तिघांत.
गाड्यावरचा हिरवा ढीग दिसला
की आर्वी म्हणायची, बॉल!
आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं
हो म्हणत पुढं जायचो.
खरं सांगितलं असतं
तर तिनं मागितलं असतं.

घरी आणलं. तिनं पायानं ढकललं.
ते फरशीवरून गडगडत
सिलिंडरला जाऊन टेकलं.
मी सुरी घातली तशी ती रडायला लागली,
माझा बॉल, माझा बॉल.
दोन भाग उघडले.
रडणं मधेच थांबलं.
तिनं बोटानं एक बी उकरलं,
आत बघितलं, मग बापाकडे.
पोरांना पृथ्वी गोल असल्याचं शिकवणारा माणूस
खाली मान घालून
बिया वेचत बसला.

फ्रिज नाही. एवढं ठेवणार कुठं?
अर्धं ताटात घालून काकूंकडे नेलं.
या घरातून भरलेलं ताट
पहिल्यांदाच बाहेर पडलं,
मी उंबऱ्यावर पदर नीट केला.
काकूंनी रिकामं ताट द्यायचं नाही म्हणून
चिमूटभर साखर घातली.
ती चहात गेली. जमा धरली नाही.

रात्री झोपताना आर्वीनं विचारलं,
सगळ्या बॉलमध्ये असतं का?
आम्ही दोघंही एकमेकांनी उत्तर द्यायची
वाट बघत राहिलो.

सालींचं काय केलं ते सांगत नाही.
बरी झाली होती भाजी.